टाकीवरचं लिंबू

सोमवारी टाचणी अंगठ्यात घुसली, ही बातमी मला बाबारावनं दिली. आमच्या मोजणी कार्यालयात अजून टाचण्या लागतात. संगणक आले, पण त्यातून निघणारे कागद एकमेकांना धरून राहत नाहीत. एका बांधाच्या वादाची फाइल मी पुढे सरकवली. दोन सख्खे भाऊ, मधे साडेतीन फूट जमीन, अकरा वर्षं. पलीकडच्या टेबलावरून बाबाराव म्हणाला, "सायेब, फायलीले कुंकू कायले लावून राह्यले?" पाहिलं तर अर्जदाराच्या नावावर एक लाल थेंब, त्याच्या शेजारी दुसरा, आणि टाचणी डोक्यापर्यंत अंगठ्यात. मी ती उपटली. काही झालं नाही. काही झालं नाही, हे लक्षात यायलाही थोडा वेळ गेला. बाबाराव माझ्याकडे बघत होता, म्हणून मी "स्स" असा आवाज केला. तो उशिरा झाला असावा, कारण बाबारावचं समाधान झालेलं दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटांवरून कापसाचा बोळा फिरवून विचारलं होतं, "इथे कळतं?" मी हो म्हणालो होतो. खोटं नव्हतं, बोळा फिरताना मला दिसत होता. फाइलवरचे डाग मी ओल्या रुमालानं पुसले, ते पसरले, आणि फाइल साहेबांकडून परत आली तेव्हा समासात लिहिलेलं होतं, "हे काय आहे? खुलासा करावा."

त्याच संध्याकाळी सुरभी पुण्याहून आली. लग्नाला बारा दिवस होते. मुलगी सव्वीस वर्षांची, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट बिघडली तर ती उघडून बघायची असते, असा तिचा समज. बॅग ठेवायच्या आधी तिनं जेवणाच्या टेबलावर यादी ठेवली. हॉल, आचारी, मंडप, पत्रिका, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. खाली दोन ओळी तेवढ्या बिनखुणेच्या. एक, कट्यार. दोन, आईला फोन, आणि पुढे कंसात माझं नाव, जसं आमच्या टिपणीत कार्यवाही कोणी करायची ते लिहितात. "आई म्हणाली, त्यांनी स्वतः फोन केला तर येईन," सुरभी म्हणाली. "निरोप नको, मेसेज नको. स्वतः." मी यादी वाचत राहिलो. लहान यादी होती, तरी मी बराच वेळ वाचली. मग म्हणालो, "कट्यारीचं काय म्हणतेस?"

कट्यारीचं असं आहे. आमची भाऊबंदकी बोरी अरबची, आणि अख्ख्या भाऊबंदकीत कट्यार एक. हळद लागली की ती नवरदेवाच्या हाती द्यायची, टोकावर लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाशी, इतर वेळी कुठे ते नवरदेवानं आपलं बघावं. लग्न लागलं की लिंबू वाहत्या पाण्यात टाकायचं, कट्यारीला तेल लावायचं, फडक्यात गुंडाळून ती पुढच्या नवरदेवाच्या घरी पोचती करायची. माझ्या पणजोबांपासून ती अशी घरोघर फिरली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या हाती आली आणि पुढे गेली नाही. मी ती हरवली. बोरीहून केळापूरला वऱ्हाड निघालं होतं, वाटेत यवतमाळला चहाला थांबलो, आणि मी ती तिथे विसरलो. भाऊबंदकीत ही गोष्ट एवढीच सांगतात, आणि मीही एवढीच सांगत आलो. नियम असा की जो हरवेल त्यानं नवी करून द्यायची. मी करीन करीन म्हणत राहिलो. तेव्हापासून आमच्यातले नवरदेव अडकित्ता घेऊन मांडवात जातात.

"एकोणीस गेले," भगवानराव फोनवर म्हणाले. ते माझे थोरले चुलतभाऊ, आणि ही मोजदाद त्यांच्याकडे असते. सुरभीनं फोन माझ्या हाती न देता टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. "एकाचा फोटो तर असा आला का जसा सुपारी वाटाले चालला. पण इंद्र्या, कट्यार नवरदेवाची असते. तुही तं पोरगी आहे."

"मीच धरणार, मोठे बाबा," सुरभी म्हणाली. "नवरदेव श्रावण, पण त्याच्या घरी साताऱ्याकडे असलं काही नसतं. बाबांनी हरवली ना, मग मीच भरून देते. बाबा आणि मी मिळून करतो."

आमच्या पिढीतला माणूस परंपरा मोडायच्या आधी थोडा वेळ घेतो, म्हणजे नंतर सांगता येतं की विचार केला होता. "धर," ते म्हणाले. "अडकित्त्यापक्षा बरं. आन् लोखंड इकत नका घेऊ. बापूच्या वखराची पास पडली हाये गोठ्यात. ट्रॅक्टर आल्यापासून तिले कोनी विचारत नाई."

फोन ठेवून सुरभीनं कट्यारीसमोर अर्धी खूण केली. दुसऱ्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दूध गरम करतो.

दूध मी अर्धा लिटर घेतो. सहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळपासून. दीपा बॅग भरून दारात आली आणि म्हणाली, "मी नागपूरला जाते. भावाकडे." भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान विषय निघाला असता. तिच्या आवाजावरून मला कळलं की ही चार दिवसांची गोष्ट नाही, आणि ते कळून मी म्हणालो, "बरं. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगू का?" ती जरा थांबली. "सांगा," म्हणाली. ऑटो आला, बॅग मी उचलून ठेवली, ऑटो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभा होतो, आणि घरात येऊन पहिला फोन दूधवाल्याला केला. मी तेव्हा दुःखी होतो का, असं मला सुरभीनं एकदा विचारलं होतं. मी आठवून बघितलं. मला त्या दिवशीचा ऑटोचा नंबर आठवतो. नातेवाइकांना मी सांगितलं, माहेरी गेली आहे, सहा वर्षं तेच सांगतो, आणि नातेवाईक चांगले आहेत, ते सहा वर्षं "कवा येते?" एवढंच विचारतात.

रविवारी सुरभीनं मला गाडीवर मागे बसवून बोरी अरबला नेलं. डिसेंबरचं ऊन होतं, कापसाच्या गाड्यांनी रस्ताभर पांढरं सांडलं होतं. गावात गोठ्यातून उचललेली पास पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतली. पास म्हणजे वखराचं आडवं पातं, मातीखालून तण कापत जाणारं. पन्नास वर्षं मातीत घासून ते मधे बारीक झालं होतं, बापूकाकांच्या कमरेसारखं. रामलाल लोहाराची टिनाची शेड बाजाराच्या मागे. भाता जाऊन तिथे विजेचा पंखा आला आहे, बाकी सगळं होतं तसं. रामलाल साठीचा, उजवा हात डाव्यापेक्षा जाड. त्यानं पास उलटसुलट करून ऐरणीवर ठणकावली, कान लावून ऐकली आणि म्हणाला, "जात चांगली हाये. कोन ठोकन?"

"आम्ही," सुरभी म्हणाली.

"तुमी म्हंजे कोन? हे सायेब?" त्यानं माझे हात पाहिले. "सायबानं जिंदगीत का ठोकलं असन तं शिक्का."

तरी घण त्यानं मला दिला. सांडशी सुरभीकडे, हातोडी त्याच्याकडे. तो हातोडीनं जिथे टिचकी मारेल तिथे मी घण घालायचा, एवढं माझं काम, आणि नोकरीतही मी तीस वर्षं हेच केलेलं असल्यानं मला ते लवकर जमलं. लाल लोखंड मऊ असतं हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्षात ते कणकेसारखं सरकतं, आणि त्याचा एक ओशट, गोडसर वास येतो. दहा-बारा घावांनंतर सुरभी म्हणाली, "बाबा, घट्ट धरा ना, निसटतोय." मी बघितलं तर खरंच घण मुठीत फिरत होता. मी डोळ्यांनी बघून बोटं आवळली. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ दातांखाली. शाळेत बेरीज करताना ती असेच ओठ दाबायची. तिला लोखंडाचा राग आला आहे असं वाटत होतं. मला कुठल्याही वस्तूचा असा राग आलेला आठवत नाही. पुढचा घण तिनं मागितला, आणि सांडशी माझ्याकडे आली. रामलालच्या टिचक्यांचा वेग वाढला.

दुपारपर्यंत पात्याला आकार आला, कानस झाली, आणि रामलालनं शेडचं दार लोटून घेतलं. उजेडात लोखंडाचा खरा रंग कळत नाही. "आता पानी द्याचं," तो म्हणाला. "रंग पाह्यतो तवा कोनी बोलाचं नाई. बोललं का नजर हालते." तिघं अंधारात उभे राहिलो. पंख्याची घरघर, कोळशांचा तडतडाट, पातं हळूहळू उजळत चाललेलं. गप्प राहायचं काम असेल तर मी त्यात बरा आहे. पण बाकीचे दोघं ज्या गप्पपणात होते तो वेगळा होता. ते रंगाकडे बघत होते, आणि मी टिनाच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या एका गोल डागाकडे बघत होतो. तो डाग रामलालच्या पाण्याच्या टाकीवर पडला होता, पिवळा, वाटोळा, लिंबाएवढा.

यवतमाळच्या त्या हॉटेलच्या मागे अशीच टाकी होती, सिमेंटची, वर लाकडी झाकण. मी तोंड धुवायला मागे गेलो. पिवळं धोतर, मुंडावळ्या, हाती कट्यार, टोकावर लिंबू. आणि तिथे कॉलेजातला मित्र भेटला. दोघांनी मिळून आम्ही गॅदरिंगला अंधश्रद्धेवर पथनाट्य केलं होतं. त्यात मी बुवा झालो होतो आणि माझ्या हातात लिंबूच होतं. हॉल हसला होता. तो मित्र मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "इंदर, तू बी?" एवढंच. हसला पण नाही. हसला असता तर मी धरून राहिलो असतो. मी कट्यार झाकणावर ठेवली. तोंड धुतलं, पुसलं, मित्राला लग्नाला ये म्हणालो. वळताना ती तिथे आहे हे मला दिसत होतं. पितळी मूठ, उन्हानं चमकणारी, लिंबाला दोन थेंब पाण्याचे लागलेले. मी जीपमध्ये जाऊन बसलो. दोन मैलांवर भगवानरावांनी विचारलं, "कट्यार?" मी म्हणालो, विसरलो. जीप मागे वळली. टाकीवर फक्त लिंबू होतं. कुणीतरी कट्यार नेली होती, आणि नेताना लिंबू काढून झाकणाच्या मधोमध नीट ठेवलं होतं. भगवानरावांनी ते उचललं, एका काकाच्या खिशातला अडकित्ता घेतला, त्याच्या टोकाला तेच लिंबू खोचून माझ्या हाती दिलं. सगळं वऱ्हाड माझ्याकडे दयेनं बघत होतं. बिचारा, घाबरला असेल, विसरला. त्या रात्री केळापूरला दीपानं मला विचारलं, "खरंच विसरलात का तुम्ही?" तिच्या आवाजात टोचणी नव्हती, कुतूहल होतं, मला वाटतं, नाही म्हणालो असतो तर ती हसली असती. मी म्हणालो, "हो." लग्नानंतर मी तिच्याशी बोललेला पहिला शब्द तो.

चर्र असा आवाज झाला आणि जळक्या तेलाचा धूर शेडभर झाला. पाणी म्हणतात, पण पातं ट्रॅक्टरच्या काळ्या तेलात गेलं होतं. "झालं," रामलाल म्हणाला. दार उघडलं. "पन आता हे काचेवानी हाये. पडलं का फुटन. याले थोडं नरम करा लागते." पातं घासून त्यानं परत निखाऱ्याच्या कडेला धरलं, हलक्या आचेवर, वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत, आणि मग ऐरणीवर ठेवून विडी पेटवायला वळला. पातं तिथे पडलं होतं. पिवळसर, शांत, आमच्या घरात शंभर वर्षं असल्यासारखं. सुरभी फोनमध्ये त्याचा फोटो काढायला वाकली आणि म्हणाली, "बाबा, जरा उभं धरा ना." ती गमतीनं म्हणाली असावी, किंवा सांडशीनं धरा म्हणायचं असेल. मी उचललं. अंगठा आणि पहिलं बोट, कागद उचलतात तसं. उभं धरलं. ती फोनकडे बघत होती. मला कुठूनतरी वास आला, बैलाला नाल मारताना खूर जळतो तसा, आणि मी बाहेर बघितलं की बैल कुणाचा.

"बाबा," सुरभी म्हणाली. "ठेवा ते."

तिचा आवाज इतका हळू होता की मी ऐकलं. पातं ठेवलं. अंगठ्याचं कातडं त्याला थोडं चिकटून राहिलं.

रामलालनं विडी फेकली, माझा हात मनगटाशी धरून टाकीत बुडवला आणि मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. त्याची बायको मानीबाई कोरफडीचं पान आणि जुन्या पातळाची पट्टी घेऊन आली. तिनं कोरफड चिरली, गर लावला, पट्टी गुंडाळली. "लाल लोखंडाले सारेच भेतात," ती म्हणाली, "मानूस भाजते ते थंड दिसते त्याच्यानं. पन भाऊ, तुमी तं ओरडले बी नाई. आमचा म्हतारा एवढा जुना, तरी गावाले आयकू जाते." रामलाल पातं बघत होता. गवती रंगावर एक काळपट डाग उमटला होता, लंबगोल, रेषा धूसर दिसणाऱ्या. "सायबानं आंगठा लावला," तो म्हणाला. "घासून काढतो." आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अंगठे कागदावर घेतले. सही येत नसलेले म्हातारे, शाईच्या पॅडवर त्यांचं बोट मी स्वतः धरून दाबलेलं आहे. सुरभी म्हणाली, "राहू द्या, काका. काढू नका."

मग ती मला बाहेर घेऊन आली. शेडच्या सावलीत एक मोडकी बैलगाडी होती, तिच्या साठ्यावर आम्ही बसलो. ती माझ्या पट्टीकडे बघत होती. "कधीपासून?" तिनं विचारलं. मी म्हणालो, कळलं सोमवारी, असेल बऱ्याच दिवसांचं. "दुखतंय का?" मी म्हणालो, नाही. "थोडंसुद्धा?" मी नीट लक्ष देऊन बघितलं. एखादी जुनी फाइल शोधावी तसं अंगठ्यात शोधलं. "नाही," मी म्हणालो. तिनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते का, हे मला बाजूनं दिसत नव्हतं, आणि मान वळवून बघायचं मला सुचलं नाही. मला ते सुचलं नाही, हे मात्र कळलं, आणि म्हणून असेल, मी म्हणालो, "ती कट्यार मी विसरलो नव्हतो."

तिनं वर बघितलं. मी सगळं सांगितलं. मित्र, टाकी, मूठ, लिंबू, आणि केळापूरची रात्र. कार्यालयीन टिपणी लिहितो तसं, क्रमानं. खुलासा करावा, असं कुणीतरी समासात लिहून ठेवल्यासारखं. ती मधेमधे माझ्या पट्टीचं सुटलेलं टोक खोचत होती. शेवटी म्हणाली, "आईला सांगितलं कधी?"

"नाही."

"मग मला काहून सांगून राह्यले?"

पुण्यात चार वर्षं राहून ती घरात शुद्ध बोलते. वऱ्हाडी ती तेव्हाच बोलते, जेव्हा समोरच्यानं लपायला जागा शोधू नये असं तिला वाटतं. तिनं माझ्या खिशातून माझा फोन काढून माझ्या हातात ठेवला आणि उठून शेडमध्ये गेली. आत रामलालला विचारताना ऐकू आली, मुठीला सागवान बरं का बाभूळ. रामलाल म्हणाला, "ज्याच्या हाती द्याची त्याले इचार."

फोन काही माझं ऐकेना. अंगठ्यावर पट्टी, बोटावर पट्टी; काचेवर दाबलं तर काचेलाही काही कळत नव्हतं. मी तीनचारदा दाबलं. मग डाव्या हातानं, सवय नसल्यानं एकेक अक्षर शोधत, दीपा लिहिलं. यादीत ती अजून त्याच नावानं होती. घंटा वाजू लागली. बाजारातून एक माणूस सायकलवर कोंबड्या उलट्या टांगून चालला होता. त्या ओरडत नव्हत्या. पाचव्या घंटेला पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि मग आवाज.

"बोला."

सहा वर्षं मी त्या आवाजासाठी काही वाक्यं तयार ठेवली होती. आमंत्रणाचं एक, तब्येतीचं एक, हॉलचा पत्ता. त्यातलं एकही जागेवर सापडलं नाही. "मी ती कट्यार विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "ठेवली होती. दिसत असताना ठेवली."

मग पावलं, गॅसचं बटण बंद केल्याचा टक् आवाज. मग नुसता श्वास. मी कान लावून ऐकत होतो, रामलालनं पास ठणकावून ऐकली तसा, पण मला त्यातलं काही कळत नाही. शेडमध्ये सुरभीची कानस चालू झाली. लांब, एकसारखा आवाज, मधेच थांबायचा, परत सुरू व्हायचा. ती थांबली की मला कळायचं, ती ऐकते आहे.

"इतक्या वर्षांनी," दीपा म्हणाली. तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी वाट बघितली. तिचा आवाज परत आला तेव्हा तो कोरडा होता, भाजी चिरताना बोलावं तसा. "दूध अजून अर्धाच लिटर घेता?"

"हो."

"लग्नघर आहे ते. पुरायचं नाही."

मी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. पट्टीचा हात, घट्ट धरला आहे की नाही ते कळत नव्हतं, म्हणून डाव्या हातानं वरून दाबून धरला.

"सांगतो," मी म्हणालो.